आधी आरसा लाव

सूक्ष्मदर्शक एकच होता, तोही कपाटात,
लेझमांच्या मागे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.
किल्ली हेडमास्तरांच्या करदोट्याला.
मेश्राम मॅडमनी दोन वर्षे अर्ज लिहिले.
तिसऱ्या वर्षी हेडमास्तर मीटिंगला सिंदेवाहीला गेले
आणि किल्ली टेबलावर राहिली.

एकेचाळीस पोरं, एक भिंग.
टेबल व्हरांड्यात काढलं. वर्गात लाईट नव्हती,
व्हरांड्यात निदान दिवस होता.
"आधी आरसा लाव," मॅडम म्हणाल्या,
"सूर्य नको धरू, डोळा जाईन.
आभाळ धर."
मी आरसा तिरपा केला,
कवेलूंच्या वरचा निळा तुकडा
नळीतून वर चढला.

कांदा खिचडीवाल्या यशोदाबाईचा. अर्धाच.
"वापस द्या बरं का, मोजून आनले हायेत."
त्याच्या आतून मॅडमनी एक पापुद्रा सोलला,
इतका पातळ, की बोटावर आहे की नाही
ते बोटालाच विचारावं लागे.
वर आयोडीनचा थेंब,
गुडघे फुटले की लावतात तेच.

होमराजने स्वतःच्या पापणीचा केस पाहिला,
वहीत काढला, खाली लिहिलं : केंद्रक.
लोमेशने हवेचा बुडबुडा काढला,
काळ्या काठाचा, गोल गरगरीत.
मॅडमनी दोन्ही खोडली नाहीत.
"दिसलं तेच काढलं नं? मंग चित्र बरोबर हाये.
नाव चुकलं."

माझी पाळी आली तर काहीच नाही,
उजेडाची रिकामी थाळी.
स्क्रू जरासा फिरवला
आणि बांध्या दिसल्या.
धानाच्या बांध्या, धुऱ्याला धुरा लागून,
टेकडीवरून दिसतात तशा, फक्त पिवळ्या,
आणि प्रत्येक बांधीत एक ठिपका.
पुस्तकात तो मधोमध होता.
इथे मात्र कडेला, भिंतीला पाठ टेकून,
दुपारी मजूर बसतो तसा.
"मधात रिक्तिका हाये," मॅडम म्हणाल्या,
"पाण्यानं भरली. तिनं सारकवला त्याले."
मी कडेलाच काढला.
सहामाहीत कोण्या दूरच्या मास्तराने
त्याचा अर्धा गुण कापला.
तो अर्धा गुण अजून माझ्याकडे येणं आहे.

भाग्यरथाचं घर कुडाचं. तिनेच विचारलं,
"कांद्याले भिंत काहून पायजे?"
"झाडाले पळता येत नाही, बापा.
उभं राहाचं तर भिंत पायजे."
"अन् आपल्याले?"
"आपल्याले नुसता पडदा."

मग बाभळीची काडी उकळून, बोथट करून,
ज्याने त्याने आपला गाल आतून खरवडला.
काचांवर नावं लिहायची राहून गेली.
निळ्या रंगात पेशी पसरल्या होत्या,
फाटक्या कडांच्या, एकमेकींवर पडलेल्या,
भिंत कुठेच नाही.
आम्ही पाटलाच्या पोराची शोधत होतो.
त्याच्या निदान जाड असतील, असं वाटलं होतं.
तोही शोधत होता.
चौदा काचा पाहून झाल्या,
मग घंटा झाली.

अर्धा कांदा यशोदाबाईकडे परत गेला,
तिने उलटापालटा करून पाहिला,
कोठून काय कमी झालं ते तिला कळेना.
खिचडीत तो मला सापडला.
मी हळू चावलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी कपाट उघडलं.
लुगड्याची गाठ वेगळी होती.
त्यांनी नळी नाकाजवळ धरली,
भिंगावरून दोन बोटांनी काहीतरी उचललं,
उजेडात धरलं. काळं, बारीक, वाकडं.
"हे काय हाये, मॅडम?"

मेश्राम मॅडमनी आमच्याकडे पाहिलं.
होमराज जमिनीकडे पाहत होता.
"केंद्रक हाये, सर," त्या म्हणाल्या.